डोंगर जपानाक गेलो

गेल्या दिवाळीत मामेभावाने कॅनडातून एक फोटो पाठवला. अल्बर्टा राज्यातल्या अथाबास्का भागातली, डांबरी वाळू खणून तेल काढायची उघडी खाण. क्षितिजापर्यंत काळा खड्डा आणि तळाशी मुंगीएवढे डंपर. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी 'बापरे' टाकलं. आजीने माझा फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "ही आमची रेडीची मायन."

रंग सोडला तर आजीचं काहीच चुकलं नव्हतं. तिथल्या पहिल्या मोठ्या उघड्या खाणीचं उद्घाटन १९६७ साली झालं. त्या सुमाराला आमच्याकडे वेंगुर्ला तालुक्याच्या दक्षिण टोकाला, यशवंतगडाच्या पायथ्याच्या रेडी गावात लोहखनिजाची खाण जोरात होती. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. पण गाव ना मुंबईकडे बघत होतं ना रत्नागिरीकडे. ते बघत होतं समुद्राकडे, बोट कधी लागते त्याकडे.

युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या जपानला पोलादासाठी खनिज हवं होतं आणि गोव्यापासून रेडीपर्यंतच्या डोंगरांत ते होतं. तेही किनाऱ्याला खेटून. दूर आत कुठे असतं तर वाहतुकीतच परवडलं नसतं. मोठी जहाजं रेडीच्या धक्क्याला लागत नाहीत, म्हणून बार्जमध्ये खनिज भरायचं आणि खोल पाण्यात नांगरलेल्या जहाजावर चढवायचं. आजीच्या आठवणीत सुरुवातीला बायका डोक्यावरच्या पाट्यांतून ते वाहत. संध्याकाळी घरी आल्या की केसांपासून टाचांपर्यंत लाल. ती हसते आणि म्हणते, "डोंगर जपानाक गेलो, बाबा."

उघडी खाण म्हणजे नुसता खड्डा, असं वाटतं. पण आधी वरची झाडं आणि माती जाते, मग जांभ्याची टोपी काढतात. हा जांभा तुम्ही पाहिलेला आहे, आपल्या घरांचे चिरे त्याचेच. पावसाचं पाणी तो स्पंजासारखं शोषतो आणि उन्हाळाभर विहिरींना, पाणंदीतल्या झऱ्यांना पुरवतो. म्हणजे खनिजाआधी खाण गावाची टाकी फोडते. मग पायऱ्या पाडत खाली जायचं. पाणी लागलं की पंप लावून उपसायचं. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन निरुपयोगी माती निघते. तिचे ढीग कुठे तरी रचावेच लागतात आणि आपल्याकडचा पाऊस त्यांना जागेवर राहू देत नाही.

तरी आजीच्या तोंडून मी खाणीला शिवी ऐकलेली नाही. आजोबांच्या पगारावर तीन मुलं शिकली. १९७६ मध्ये याच खाणीच्या परिसरात द्विभुज गणपतीची भली मोठी मूर्ती सापडली आणि गावाचं नाव दूरवर गेलं. आज पर्यटक गणपतीला येतात. पाणी साठलेल्या जुन्या खड्ड्यांकडे कोणी बघत नाही. (मीही लहानपणी त्यांना तळंच समजत होतो.)

दुसरी लाट आमच्या पिढीने पाहिली. २००० नंतर चीनने खनिजाला तुफान भाव दिला. पूर्वी हलकं म्हणून टाकलेलं खनिजही विकलं जाऊ लागलं. मग नजर सह्याद्रीच्या पायथ्याकडे, दोडामार्ग-सावंतवाडीकडे वळली. कळणे गावात खाण आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांना रेडी माहीत होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. रेडीकरांसमोर असं कुठलंच उदाहरण नव्हतं. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. सर्वांत संवेदनशील पट्ट्यातल्या खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करा, असं त्यात होतं. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी तर आपण होऊन आमचं गाव संवेदनशील जाहीर करा म्हणून ठराव केले होते. 'लोकांना विकास नको' असं बोलणाऱ्यांनी ते ठराव वाचले असतील असं वाटत नाही.

जुलै २०२१ च्या पावसात कळण्याच्या खाणीत साठलेलं पाणी बांध फोडून बाहेर आलं. लाल चिखल घरांत शिरला, बागायतीत शिरला. मी ते व्हिडिओ मुंबईत लोकलमध्ये उभा राहून पाहिले. सुपारीच्या बागेत गुडघाभर गाळ होता.

मामेभावाला मी ते व्हिडिओ पाठवले होते. तो म्हणाला, इथे खाण संपल्यावर जमीन पूर्ववत करून द्यायचा कायदा आहे. मी विचारलं, मग किती दिली? त्याने शोधून सांगितलं: पहिलं प्रमाणपत्र २००८ मध्ये मिळालं, १०४ हेक्टरला. खाण सुरू होऊन तोवर ४१ वर्षं झाली होती.

मी हे आजीला सांगितलं. तिने विचारलं, "आणि तेचो पगार किती?" मी आकडा सांगितला. ती गप्प बसली. मग म्हणाली, "तेका सांग, विहिरीचा पाणी बघून घर घे."