कागदावरचे नाव

कोकणातल्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यातून दुपारच्या वेळी एक फेरी मारली, की लोखंडी जाळ्यांची, रंगीत लाद्यांची आणि दाराला कुलूप लावलेली मोठी घरे दिसतात. 'हे घर कोणाचे?' असे विचारले तर गावातला माणूस लगेच सांगतो, कुवेतवाल्याचे, दुबईवाल्याचे, सौदीवाल्याचे. हाच प्रश्न घेऊन ग्रामपंचायतीत जावे आणि घरपट्टीचा उतारा पाहावा, तर तिथे पुष्कळदा वेगळेच नाव सापडते. कधी बापाचे, कधी थोरल्या भावाचे, तर कधी वीस वर्षांपूर्वी मयत झालेल्या आजोबांचे.

आखातातल्या कमाईविषयी आपल्याकडे कौतुकाने बोलले गेले आहे आणि टीकाही बरीच झाली आहे. पण तिथे राहणाऱ्या माणसाचा रोजचा व्यवहार, म्हणजे दुकान कोणाच्या नावाचे, खोली कोणाच्या नावाची, पैसे कसे पाठवायचे आणि शेवटी हातात काय राहिले, याचा इतिहास आपण फारसा तपासलेला नाही. तो तपासला म्हणजे आजच्या आपल्या घराघरांतल्या भांडणांचे मूळही सापडते.

आखाताशी आपला संबंध तेलानंतर जडला असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. मस्कतला हिंदुस्थानी टपालखात्याचे कार्यालय १८६४ सालीच उघडले होते आणि दुबईला १९०९ साली. देश स्वतंत्र होईपर्यंत त्या बंदरांतल्या पत्रांवर हिंदुस्थानची तिकिटे लागत. बाजारात रुपया चालत असे. मुंबईहून गेलेल्या माणसाला पैसे बदलावे लागत नसत. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे हा रुपया भारत सरकारला महागात पडू लागला, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्याच वर्षी हज यात्रेकरूंसाठीही निराळ्या नोटा निघाल्या. १९६१ साली कुवेतने आपला दिनार काढला, १९६५ साली बहरीनने. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे द्यावे लागत, तिथे साडेसात रुपये द्यावे लागू लागले. त्याच वर्षी कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. ज्या मुलखात आपले नाणे चालत होते, तिथे आता आपण पूर्णपणे परदेशी झालो.

तेव्हाचा प्रवास बोटीचा होता. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबई, कराची आणि आखाती बंदरे अशा फेऱ्या करीत. एप्रिल १९६१ मध्ये दुबईजवळ 'दारा' बोटीवर स्फोट होऊन २३८ माणसे गेली. 'द्वारका' ही बोट १९८२ पर्यंत चालू होती. समुद्र कोकणी माणसाला नवा नव्हता. खलाशी, स्वयंपाकी, मेस्त्री, कारकून म्हणून तो पूर्वीपासून जात होता. १९७३ साली तेलाचे भाव वाढले आणि मग एकेका घरातून दोन-दोन, तीन-तीन मुलगे जाऊ लागले.

या नव्या पिढीची गाठ पडली ती कफालतीच्या व्यवस्थेशी. कफील म्हणजे जामीनदार. मुळात हा शब्द चांगला आहे. परक्या माणसाची हमी घेणारा, त्याला सांभाळणारा, असा त्याचा अर्थ. परंतु आधुनिक कायद्यात तो आला तेव्हा परदेशी माणसाचा व्हिसा, इकामा आणि नोकरी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाती गेल्या. कफीलाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे, आणि सौदी अरेबिया व कतारमध्ये तर त्याच्या परवानगीशिवाय देशाबाहेरही पडता येत नसे. पासपोर्ट बहुधा कफीलाच्या किंवा कंपनीच्या तिजोरीत असे.

धंदा करणाऱ्यांची गोष्ट याहून अवघड. कुवेतच्या १९६० च्या आणि संयुक्त अरब अमिरातीच्या १९८४ च्या कंपनी कायद्यानुसार निदान ५१ टक्के भाग स्थानिक नागरिकाचा असणे बंधनकारक होते. आपल्या माणसाने भांडवल घालायचे, माल भरायचा, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत गल्ल्यावर बसायचे. परवान्यावर नाव मात्र अरब भागीदाराचे. वर्षाला ठरलेली रक्कम त्याला पोहोचवली, की तो दुकानात पाऊलही टाकत नसे. 'दुकान खरे तुझेच' असे सांगणारा एक कागद दोघांत गुपचूप होत असे, पण कायद्याविरुद्ध केलेला असा कागद कोर्टात कितपत टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती. सौदीत या प्रकाराला 'तसत्तुर' म्हणजे आडपडदा म्हणत, आणि १९८९ साली त्याविरुद्ध खास कायदा झाला. परवाना देणारा आणि धंदा करणारा, दोघेही त्यात गुन्हेगार ठरत.

असे असूनही अनेकांचे व्यवहार शब्दावर वर्षानुवर्षे सुरळीत चालले, हे सांगितलेच पाहिजे. भागीदाराच्या मुलाच्या लग्नाला जाणारे, त्याच्या घरी ईदच्या दिवशी जेवणारे आपले लोक होते. अडचण यायची ती म्हातारा कफील वारल्यावर. त्याच्या मुलांना जुना शब्द ठाऊक नसे. त्यांच्यासमोर फक्त परवाना असे आणि परवान्यावर त्यांच्या बापाचे नाव असे.

रोजच्या जगण्याचेही तेच. एका खोलीत आठ-दहा जण, त्यातली एक खाट भाड्याची. ठरावीक पगार असल्याशिवाय बायकोमुलांचा व्हिसा मिळत नसे, म्हणून बहुतेकांचे संसार दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या सुट्टीपुरते. दुबईत दुकानाचे भाडे पुढच्या तारखांच्या चेकनी द्यायचे आणि चेक वटला नाही तर तुरुंग. निव्वळ खात्यात पैसे नाहीत म्हणून होणारा हा गुन्हा तिथे २ जानेवारी २०२२ पासून रद्द झाला. तोवर या एका कागदाने अनेकांना देशोधडीला लावले. नोकरी संपली की मिळणारी ग्रॅच्युइटी अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि पुढे ३० दिवसांच्या पगाराइतकी. पण ती मूळ पगारावर. भत्ते जास्त आणि मूळ पगार कमी असेल, तर पंचवीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब लहानशा आकड्यावर संपायचा.

या सगळ्या व्यवस्थेची खरी परीक्षा २ ऑगस्ट १९९० रोजी झाली. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीने मोजला जाऊ लागला आणि साठवलेली रक्कम पाहता पाहता कवडीमोल झाली. बगदादमार्गे बसने अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला, असे एक लाखाहून अधिक भारतीय दोन महिन्यांत परत आले. अनेकांच्या हातात एक पिशवी होती. दुकाने, गाड्या, फर्निचर, येणे असलेली उधारी, सगळे मागे राहिले.

युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली भरपाई आयोग नेमला. कुवेत किंवा इराक सोडावे लागले एवढ्या कारणासाठी एका माणसाला २५०० डॉलर, आणि दुसरा दावा करणार नाही असे लिहून दिल्यास ४००० डॉलर; कुटुंबाला अनुक्रमे ५००० आणि ८०००. त्यासाठी तिथे राहत होतो एवढा साधा पुरावा पुरे असे, आणि हे पैसे आपल्या अनेकांना मिळाले. पण ज्यांनी दुकाने गमावली त्यांच्यापुढे जुना प्रश्न उभा राहिला. एकाच दुकानासाठी दोन दावे येऊ लागले, एक परवानाधारक कुवेती नागरिकाचा आणि दुसरा प्रत्यक्ष धंदा करणाऱ्या परदेशी माणसाचा. अशा दाव्यांसाठी आयोगाला निराळी पद्धत ठरवावी लागली. मालाच्या पावत्या, बँकेचे उतारे, भाड्याचे करार, साक्षीदार, जे काही हाती असेल त्यावरून खरा मालक कोण हे शोधावे लागले. ज्याने पळतानाही पावत्यांची फाइल काखेत धरली, त्याला बोलायला जागा होती. ज्याने भरवशावर सोडले, त्याच्याकडे सांगण्यासारखे खूप आणि दाखवण्यासारखे काहीच नव्हते. भरपाईचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला. एकूण रक्कम ५२.४ अब्ज डॉलर झाली.

त्यानंतर कायदे बदलले. दुबईत २००२ पासून ठरावीक भागांत परदेशी लोकांना घरे घेता येऊ लागली आणि २००६ साली नोंदणीचा कायदा झाला. अमिरातीच्या मुख्य भूमीवर बहुतेक धंद्यांसाठी ५१ टक्क्यांची अट १ जून २०२१ पासून गेली. कतारने २०२० साली नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ना-हरकत पत्र रद्द केले. सौदीत मार्च २०२१ पासून अनेक कामगारांना ठरावीक अटींवर नोकरी बदलण्याची मुभा मिळाली. घरकामगार, ड्रायव्हर आणि मेंढपाळ मात्र त्यात आले नाहीत. म्हणजे आज जाणाऱ्या मुलाला जे आपल्या नावावर करता येते, ते त्याच्या बापाला करता येत नव्हते.

पण गावाकडे काय? इथे कोणी कफील नव्हता, तरी आपण नाव दुसऱ्याचेच लावले. परदेशी गेलेल्या माणसाची शेती कसणाऱ्याच्या ताब्यात राहिली आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून बहुतेक कुळे जमिनीची मालक मानली गेली. तो कायदा कसणाऱ्यासाठी न्यायाचा होता; सातबारा वर्षानुवर्षे न पाहणाऱ्याला मात्र तो फार उशिरा कळला. पुढे आखाती पैसा आला, तो मुलगा बापाच्या किंवा भावाच्या नावावर पाठवत राहिला. जागा त्यांच्याच नावावर घेतली गेली. सही करायला तो इथे नव्हता, आणि 'आपल्याच घरात कागद कशाला?' असे म्हणणे खानदानीपणाचे लक्षण मानले जात होते. १९८८ च्या बेनामी कायद्यानंतर दुसऱ्याच्या नावावरची मिळकत 'पैसे माझे होते' म्हणून कोर्टात मागण्याचा मार्गही बराचसा बंद झाला. आता निवृत्तीआधी शेतजमीन घ्यावी म्हटले, तर अनिवासी भारतीयाला फेमा कायद्याखाली ती विकत घेता येत नाही. वारशाने मात्र येते.

यातली सर्वांत दुःखद गोष्ट अशी. मुस्लिम कायद्यात हिंदू कायद्यासारखे एकत्र कुटुंब नाही. मिळकत ज्याची, त्याच्या मृत्यूनंतर ती त्याच्या वारसांत वाटली जाते. मुलगा बापाच्या हयातीत वारला आणि बापाला दुसरा मुलगा असेल, तर मयत मुलाच्या मुलांना आजोबांच्या मिळकतीत वाटा येत नाही. ती महजूब ठरतात. विधवा सुनेलाही सासऱ्याच्या मिळकतीत हिस्सा नाही. आता ज्या मुलाने वीस वर्षे पैसे पाठवून घर बांधले, ते बापाच्या नावावर, आणि तोच आखातात हृदयविकाराने गेला, अशी कल्पना करा. कल्पना कशाला, आपल्यापैकी प्रत्येकाला असे एखादे घर ठाऊक आहे. नवऱ्याच्या कष्टाच्या लाद्यांवर ती बाई आश्रितासारखी वावरते. दिरांनी मोठे मन दाखवले तर ठीक. नाहीतर तिला माहेरची वाट. बहिणींचेही तेच. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा शरियतने ठरवून दिला आहे. तो देण्याऐवजी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते आणि पुन्हा शरियतच्या रक्षणाच्या सभेत आपण पहिल्या रांगेत बसतो.

याला उपाय शरियतमध्येही आहे आणि देशाच्या कायद्यातही आहे. मुलाच्या पैशाने घेतलेली जागा पहिल्यापासून त्याच्या नावावर घेता येते. नाव चुकून बापाचे लागले असेल, तर बाप हयातीत हिबा करू शकतो. फक्त ताबा प्रत्यक्ष दिला पाहिजे. अनाथ नातवंडांसाठी एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवायचे तर ते तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून, इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे. पाठवलेल्या रकमेच्या पावत्या जपून ठेवाव्यात. प्रत्येक सुट्टीत गावी आल्यावर दावती आटोपल्या की एक सकाळ तलाठ्याकडे घालवावी, वारसनोंद आणि फेरफार पाहावेत. गावच्या जमातीने निकाहाची नोंद ठेवतो तशी या कामातही मदत केली, तर कितीतरी घरे तुटण्यापासून वाचतील.

घरात लिखापढी मागितली की विश्वास नाही असा अर्थ काढला जातो. पण कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे आठवून पाहावे. सूरह बकरातली ती आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, असे ती बजावते. आपण ती रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात ऐकतो. कुवेतमधल्या दुकानाचा कागद आपल्या हातात नव्हता. गावच्या घराचा तरी आहे, आणि त्यावर बायकोचे, बहिणीचे, पोरक्या नातवंडांचे नाव लिहायला कोणत्याही कफीलाची परवानगी लागत नाही.