सेक्सनंतर पुरुषांना रक्त का येतं? घाबरायचं कधी, दवाखाना गाठायचा कधी?

चादरीवर लाल डाग, कंडोममध्ये गुलाबी झालेलं वीर्य किंवा लघवीला लागलेलं रक्त. शरीरसंबंधानंतर असं काही दिसलं की काही पुरुष कॅन्सरच्या भीतीने रात्रभर मोबाइलवर शोधत बसतात, तर काही जण लाजेपोटी महिनोन्‌महिने कुणालाच सांगत नाहीत. बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं. पण काही दुखापतींमध्ये काही तासांचा उशीरही महागात पडतो. हा फरक ओळखायचा तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: रक्त नेमकं आलं कुठून?

रक्त कुठून आलं, हे कसं ओळखायचं?

शक्यता तीन असतात: लिंगावरची त्वचा, वीर्य किंवा लघवी. चांगल्या उजेडात त्वचा नीट पाहिली, तर चीर किंवा जखम बहुधा दिसते. त्वचेवर काहीच नसेल, तर वीर्य लालसर किंवा तपकिरी आहे का आणि त्यानंतरची लघवी लाल आहे का, हे पाहावं.

रक्त जोडीदाराचंही असू शकतं. अशा वेळी कंडोम वापरल्यावर उत्तर मिळतं. रक्त कंडोमच्या आत असेल तर ते पुरुषाचं, बाहेर असेल तर जोडीदाराचं. स्त्री जोडीदाराला पाळी नसतानाही संबंधांनंतर रक्त जात असेल, तर तिने स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ते एक लक्षण असू शकतं.

त्वचेतून रक्त येण्याची कारणं कोणती?

लिंगाच्या टोकाच्या खालच्या बाजूला त्वचेची एक बारीक पट्टी असते. डॉक्टर तिला फ्रेन्युलम म्हणतात. पुढची त्वचा आणि टोक यांना ती जोडते. ही पट्टी आखूड असेल, ओलावा कमी असेल किंवा घाई झाली, तर ती फाटते. तिथे छोटी रक्तवाहिनी असल्याने जखम लहान असूनही रक्त भरपूर येतं. पहिल्या संबंधांच्या वेळी हे बऱ्याचदा घडतं. त्यामुळे पहिल्या रात्री चादरीवर दिसलेलं रक्त बायकोचंच असतं, हा समज चुकीचा आहे. आणि रक्त दिसलं नाही, यावरूनही तिच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दुसरं कारण पुढच्या त्वचेला पडणाऱ्या चिरा. आधी सहज मागे जाणारी त्वचा मोठ्या वयात घट्ट होऊ लागली, तिला खाज सुटली, बारीक भेगा पडल्या, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. असा संसर्ग वारंवार होत असेल, तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. काही जणांमध्ये मधुमेह पहिल्यांदा असाच लक्षात येतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या काही गोळ्यांमुळे लघवीतून साखर जाते आणि हा संसर्ग वाढू शकतो. मात्र गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोलावं.

तिसरं कारण लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार. हर्पिसमध्ये बारीक, दुखणारे फोड येऊन फुटतात. सिफिलिसची जखम बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते, पण आजार शरीरात तसाच राहतो. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ असं समजू नये.

घरी काय करायचं?

* स्वच्छ कापडाने किंवा गॉझने जखम सलग 10 मिनिटं घट्ट दाबून धरा. मध्येच उघडून पाहू नका.
* रक्त थांबल्यावर साध्या पाण्याने धुवा. हळद, चुना, पावडर किंवा झोंबणारं जंतुनाशक लावू नका.
* मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड असलेलं मलम आणू नका. त्याने बुरशी आणखी वाढू शकते.
* जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध आणि हस्तमैथुन टाळा. फ्रेन्युलमची साधी चीर भरायला साधारण एक-दोन आठवडे लागतात.
* त्यानंतर पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट वापरा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनमुळे लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो.

तीच जागा पुन्हा पुन्हा फाटत असेल, तर पट्टी सैल करणारी छोटी शस्त्रक्रिया किंवा सुंता हा पर्याय असतो.

वीर्यातून किंवा लघवीतून रक्त आलं तर?

वीर्यातलं रक्त पाहून धडकी भरते. पण चाळिशीच्या आतल्या पुरुषांमध्ये एखाद्या वेळी असं झालं, तर ते बहुधा आपोआप थांबतं. प्रोस्टेट किंवा वीर्यकोशाची सूज, संसर्ग, नुकतीच झालेली प्रोस्टेटची बायोप्सी ही त्याची नेहमीची कारणं. खूप वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि जननमार्गाचा क्षयरोग यांमुळेही असं होतं. चाळिशी ओलांडली असेल, रक्त पुन्हा पुन्हा दिसत असेल, ताप किंवा लघवीचा त्रास असेल, तर तपासणी टाळू नये.

लघवीतलं रक्त मात्र एकदाच दिसलं तरी डॉक्टरांना दाखवावं. मुतखडा किंवा संसर्ग असू शकतो. पण वेदना नसताना रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचंही लक्षण असतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

ताबडतोब हॉस्पिटल कधी गाठायचं?

* संबंधांदरम्यान ‘कट्’ असा आवाज आला, ताठरता लगेच गेली आणि लिंग सुजून काळं-निळं पडलं. लिंगात हाड नसतं, पण आतलं चिवट आवरण फाटू शकतं. त्यावर लवकर शस्त्रक्रिया लागते.
* दुखापतीनंतर मूत्रमार्गाच्या तोंडातून रक्त येतंय किंवा लघवी होत नाही.
* मागे गेलेली त्वचा पुढे येत नाही आणि टोक सुजलंय.
* 20 मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही.

अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. गरज पडल्यास 108 वर ॲम्ब्युलन्स बोलवावी.

एचआयव्हीची भीती वाटत असेल तर?

उघड्या जखमेतून संसर्गाची शक्यता वाढते. कंडोमशिवाय संबंध आले असतील आणि जोडीदाराच्या एचआयव्ही स्थितीबद्दल खात्री नसेल, तर 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. जितकी लवकर, तितकं चांगलं. त्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात किंवा आपत्कालीन विभागात चौकशी करावी.

कुणाकडे जायचं?

त्वचेवरच्या जखमा आणि संसर्गासाठी त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ, तर वीर्य-लघवीतल्या रक्तासाठी युरॉलॉजिस्ट. रेल्वे रुळालगतच्या भिंतींवर जाहिराती करणाऱ्या ‘खानदानी’ दवाखान्यांपासून लांब राहावं. अनेक जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. लैंगिक आजारांवर तिथे मोफत उपचार होतात. 1097 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवरही माहिती मिळते. एचआयव्ही चाचणी संमतीनेच होते आणि तिचा निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

डॉक्टरांसमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर चार गोष्टी कागदावर लिहून न्या: रक्त कधी दिसलं, कशातून आलं, किती वेळा आलं आणि कोणती औषधं सुरू आहेत. कागद पुढे केला तरी तपासणी सुरू होते.