नारू, बारव आणि हापसा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून पाणीमहाल उभा राहिला, तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. धाराशिवच्या मुलखात पाणी अडवण्याची अक्कल कधीच कमी नव्हती. या जिल्ह्यात तेल नाही, कोळसा नाही. वर काळी माती, खाली काळा पाषाण आणि बेभरवशाचा पाऊस. पाषाणाच्या भेगांत मुरलेलं पाणी हीच इथली खरी संपत्ती, आणि माणसाच्या तब्येतीचा हिशेब तिच्यापासूनच सुरू होतो.

मराठवाड्यात जुन्या बारवा गावोगावी आहेत. दगडी पायऱ्या थेट पाण्यापर्यंत जातात. दुष्काळात पाणी कितीही खाली गेलं तरी घागर भरता येई, ही त्या बांधणीची कमाल. पण याच पायऱ्यांनी नारू हा जंताचा रोगही पोसला. पायाला फोड आलेला माणूस पाण्यात उतरला, की फोडातली जंताची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडी. डोळ्याला जेमतेम दिसणारे सायक्लोप्स नावाचे पाण्यातले जीव त्या गिळत, आणि तेच पाणी प्यायलेल्याच्या अंगातून साधारण वर्षभराने हातभर लांब जंत बाहेर येई. तो काडीवर गुंडाळत, तुटू न देता, दररोज थोडाथोडा ओढायचा. आठवडेच्या आठवडे कर्ता माणूस अंथरुणाला खिळे. त्यातच पेरणी किंवा काढणी आली, तर वर्षभराची कमाई जाई.

नारूवर ना लस होती ना औषध. दवाखान्यावर कितीही खर्च केला तरी जखम धुऊन पट्टी बांधण्यापलीकडे डॉक्टर फारसं काही करू शकत नव्हता. उपाय पाण्यातच करायला हवा होता.

त्या उपायाला वेग आला तो १९७२ च्या दुष्काळानंतर. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच सुमाराची. कठीण पाषाण फोडणारी यंत्रं आली, गावात विंधनविहिरी झाल्या. पण त्यांवरचे बिडाचे हातपंप टिकेनात. मुळात ते एका कुटुंबासाठी घडवलेले, आणि इथे अख्खं गाव रांगेत उभं. मजबूत पोलादी पंप घडला तो धाराशिवच्या शेजारी, सोलापुरात. जालन्यातही ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी असेच प्रयोग केले होते. ‘सोलापूर पंपा’च्या रचनेवरूनच युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांतही पोचला. आपण ज्याला हापसा म्हणतो, तो हाच. त्याचा खर्च आरोग्याच्या खात्यात क्वचितच दिसतो, पण मराठवाड्यात आरोग्यावर इतका सार्थकी लागलेला पैसा दुसरा दाखवणं अवघड आहे.

नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण सापडत होते आणि बाधित ७ राज्यांत महाराष्ट्र होता. पाणी कापडाने गाळा, पायऱ्यांची विहीर बंद करून रहाट बसवा, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाका, हापसा द्या: एवढंच काम, पण गावागावात जाऊन केलेलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

त्याच काळात नायजेरियाची कमाई तेलावर चालत होती, आणि १९८८ च्या सुमाराच्या पहिल्या राष्ट्रीय मोजणीत तिथे नारूचे साडेसहा लाखांवर रुग्ण निघाले. जमिनीखालच्या पैशातून खेड्यात साधं झाकलेलं पाणी पोचलं नव्हतं. २००१ मध्ये आफ्रिकी देशांनी नायजेरियाच्याच राजधानीत, अबुजात जमून अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्यावर खर्चण्याचा शब्द दिला. तो थोड्याच देशांना पाळता आला. नायजेरिया नारूमुक्त ठरला तो २०१३ मध्ये.

इकडे धाराशिवचं संकट बदललं. ऊस वाढला, विंधनविहिरी खोल गेल्या आणि उन्हाळ्यात अनेक हापशांना पाणी येईनासं झालं. २०१८ मध्ये नीती आयोगाने राज्यातले विकासात मागे पडलेले ४ ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले, त्यांत हा एक. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं, आणि ते हवंच होतं. पण टंचाईत पाण्याचे जार आणि खासगी टँकर विकत घेताना घराघरातून जाणारा पैसा कोणत्याच आरोग्य खर्चात मोजला जात नाही. नारूचा इतिहास ठाऊक असलेल्या जिल्ह्याने तरी तो मोजायला सुरुवात करावी.