२,७०० व्हॉल्व्ह आणि एक जळका एसएमपीएस

भवानीनगरला आमच्या घरी माळ्यावर एक काळा कॅबिनेट अजून पडून आहे. बारावीनंतर मी स्वतः जोडलेला माझा पहिला डेस्कटॉप. पार्ट्स पुण्याहून आणले, पैसे बाबांनी उसाच्या बिलातून दिले. प्रोसेसर, रॅम सगळं पारखून घेतलं आणि पैसे वाचवले कुठे, तर एसएमपीएसमध्ये! '४५० वॅट' छापलेला, हाताला हलका लागणारा डबा. पाच-सहा महिन्यांनी एका रात्री गेलेली लाइट परत आली, 'फट्' असा आवाज झाला आणि डब्याबरोबर मदरबोर्ड नि हार्ड डिस्कही गेली. त्या डिस्कवर आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते. दुसरी कॉपी नव्हती.

तेव्हा वाटलं, आपलं नशीबच खराब. पुढे नोकरीला लागल्यावर कॉम्प्युटरचा इतिहास वाचायचा नाद लागला आणि कळलं, की या रोगाचं निदान माझ्या आजोबांच्या काळातच झालं होतं.

१९४५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक तयार झाला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते (जुन्या रेडिओत लाल पेटायचे ना, तेच). इतके व्हॉल्व्ह एकत्र म्हणजे सारखा कुठला तरी उडणार, मग गणित होणार कधी? प्रेस्पर एकर्ट या इंजिनियरने प्रत्येक पार्ट त्याच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी भारावर चालवला. दुसरी गोष्ट अनुभवातून कळली. व्हॉल्व्ह जास्त करून मशीन चालू-बंद करतानाच जायचे, तापण्या-निवण्याच्या धक्क्याने. म्हणून मशीन शक्यतो बंदच करायचं नाही असं ठरलं. मग साधारण दोन दिवसांत एखादाच व्हॉल्व्ह जाऊ लागला.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने हाच खेळ मांडला. आधी १९५६ मध्ये छोटा नमुना चालवून पाहिला, मग १९६० मध्ये पूर्ण मशीन सुरू झालं. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड, १२,५०० रेझिस्टर आणि मेमरी आजच्या हिशोबाने जेमतेम १० केबी! १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नाव ठेवलं. देशातला पहिला मोठा 'असेंबल्ड पीसी'च म्हणा ना :) प्रत्येक व्हॉल्व्ह म्हणजे एक छोटा हीटर. असे २,७०० हीटर एका रांगेत लावल्यावर उष्णतेचा विचार नंतर करू, असं म्हणायची सोयच नव्हती.

आपण मात्र व्हॉल्व्ह गेले आणि धडाही विसरलो. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगून फुटायला लागले. आतलं द्रावण सदोष होतं, त्यातून वायू तयार व्हायचा. चांगल्या कपॅसिटरचाही शत्रू उष्णताच. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं.

म्हणून आता मित्रांना पीसी जोडून देताना मी एकर्टचंच ऐकतो. सगळ्या पार्ट्सची मिळून गरज ३०० वॅट असेल, तर चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यायचा. प्लगला खरं अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यायचं. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डखालचे पितळी स्पेसर विसरायचे नाहीत, नाहीतर पहिल्याच दिवशी शॉर्ट. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाते. लाइट गेली की प्लग काढायचा आणि ती परत येऊन स्थिरावल्यावरच लावायचा. आणि आमच्यासारखी उसाच्या ट्रॉल्यांची धूळ घरात येत असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पंखे साफ करायचे.

एवढं करूनही मशीन कधीतरी जाणारच. एनिॲकचे व्हॉल्व्ह जायचेच की! फरक इतकाच, की ते जाणार हे धरूनच ती माणसं चालली होती.

असो. आईच्या फोनमधले फोटो आता दोन डिस्कवर आहेत. दर रविवारी मी कॉपी घेतो. आजचीही झाली.