राष्ट्रपतिपदाची निवडणूक २००७ : महाराष्ट्राने मत कसं दिलं?

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत ‘महाराष्ट्राने अमक्याला मत दिलं’ असं आपण सहज म्हणून जातो. पण सदाशिव पेठेतला मतदार त्या दिवशी रांगेत उभा राहत नाही. मत देतात ते आपले निवडून आलेले २८८ आमदार आणि ६७ खासदार. आमदाराच्या मताचं मूल्य १९७१च्या जनगणनेवरून ठरतं. महाराष्ट्रात ते १७५ आहे. २००७ मध्ये खासदाराच्या मताचं मूल्य होतं ७०८. मतदान गुप्त, आणि पक्षाचा व्हिप इथे लागू होत नाही.

त्या वर्षी जळगावच्या प्रतिभाताई पाटील काँग्रेस आघाडीच्या उमेदवार होत्या. समोर उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत. त्यांना भाजप आघाडीचा पाठिंबा. शिवसेना भाजपची १९८९ पासूनची मित्र. तरीही बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला.

या मतांनी निकाल फिरला का? आपण हिशोब करू. प्रतिभाताईंना ६,३८,११६, शेखावतांना ३,३१,३०६; फरक ३,०६,८१०. महाराष्ट्राचे सगळे आमदार-खासदार मिळून मूल्य होतं ९७,८३६. म्हणजे अख्खं राज्य विरोधात गेलं असतं, तरी त्या निवडून आल्याच असत्या!

मग मराठीपणाचं काय? थोडं मागे जाऊ. १९६९ मध्ये चिंतामणराव देशमुख याच पदासाठी उभे होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय मंत्रिपद सोडणारा हा माणूस. त्यांना उभं केलं स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने, आणि ते तिसरे आले. मराठीच्या नावावर मत फिरवू शकणारा पक्ष तेव्हा विधानसभेत नव्हता. शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला तो १९७० साली.

पण २०१२ पाहा. प्रणव मुखर्जी बंगालचे. मराठीचा प्रश्नच नाही. भाजपचा पाठिंबा संगमांना, आणि शिवसेना पुन्हा मुखर्जींच्या बाजूला. म्हणून आम्हाला वाटतं, २००७चं कारण ‘मराठी’ हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. युती न मोडता ‘आमचा निर्णय आम्ही घेतो’ हे मित्राला सांगायची ती जागा होती. व्हिप नाही, सरकार पडायची भीती नाही, निकालही बदलत नाही.

राज्याचं मत वाचताना म्हणूनच आपण दोन गोष्टी विचारायच्या: कोण जिंकलं, आणि कुणी कुणाला काय सांगितलं.