अद्भुत डेमलो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१

सलग नऊ एक मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. सतरा अंकी, उलटसुलट वाचली तरी तीच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासलेल्या १, १२१, १२३२१, १२३४३२१… या ‘अद्भुत डेमलो संख्यां’च्या मालिकेतली ही नववी आणि सर्वांत देखणी.

कापरेकर मूळचे डहाणूचे. १९३० ते १९६२ या काळात ते देवळालीला शाळेत शिक्षक होते (ही देवळाली नाशिकजवळची). मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव या संख्यांना दिले. या संख्यांवरचा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. कापरेकर म्हटले की लोकांना ६१७४ हा त्यांचा स्थिरांक आठवतो. डेमलो संख्या मात्र विनाकारण मागे राहिल्या आहेत.

डेमलो संख्येचे तीन भाग पडतात आणि दोन्ही टोकांची बेरीज मधल्याच अंकाची रांग होते. इथे मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळवावे : ९९९९९९९९.

हा आकार कुठून येतो ते कागदावर गुणाकार मांडला की दिसते. १११११११११ च्या नऊ ओळी प्रत्येकी एक घर डावीकडे सरकत जातात. उजवीकडच्या पहिल्या उभ्या घरात एकच एक येतो, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही. सारे सौंदर्य त्यावरच उभे आहे. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा डावीकडे सरकतो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ गायब, मध्ये दोन शून्ये. दशमान पद्धतीत नऊ हीच या रचनेची सीमा. आठाच्या पायावर लिहिले तर ती सातावरच येते.

अंकांची बेरीज ८१. संख्येला ८१ ने गुणले तर नऊ नवांचा वर्ग मिळतो, ९९९९९९९९८००००००००१; ८१ ने भागले तर १२३४५६७९ चा वर्ग, कारण १२३४५६७९ × ९ = १११११११११. मूळ अवयव फक्त तीन, ३, ३७ आणि ३३३६६७ : संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७². त्यामुळे एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. त्यांत या संख्येचा पहिला अंक मध्य या सतराव्या स्थानी बसतो.

संगणकावर ही संख्या जपून लिहावी. एक्सेल पंधराच अंक राखते, म्हणून शेवटचे २१ पुसून तिथे दोन शून्ये येतात. दशांश अपूर्णांकांसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या ६४ बिटांच्या मांडणीत २⁵³ च्या पुढच्या विषम संख्या मावत नाहीत. तिथे शेवटचा १ जाऊन ० येतो आणि उलटसुलट वाचन मोडते. ६४ बिटांच्या पूर्णांकात मात्र ती जशीच्या तशी राहते.