पासष्ट वर्षांनी पहिला नंबर

गाण्यांच्या क्रमवाऱ्यांचं मला जुनं वेड आहे. बिनाका गीतमालेत अमीन सयानी एकेक 'पायदान' चढत जायचे, तेव्हापासूनचं. तिथे रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची मतं धरून क्रम लावत. तरी एक प्रश्न मनात राहायचाच. गाणं किती आवडलं, हे नक्की मोजायचं कशानं?

याच प्रश्नाशी ब्रेंडा ली नावाच्या मुलीचं एक गाणं पासष्ट वर्षं झुंजलं.

ब्रेंडा मे टार्पली, जन्म ११ डिसेंबर १९४४, जॉर्जियातलं गरीब घर. १९५३ मध्ये वडील बांधकामावरच्या अपघातात गेले आणि घर चालवण्याचा भार आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्यावर आला. गळ्यावर म्हणजे अक्षरशः! उंची पुढेही चार फूट नऊ इंचांवर गेली नाही, पण आवाज असा दणदणीत की पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरातल्या कार्यक्रमाआधी ही मुलगी नसून बत्तीस वर्षांची ठेंगणी बाई आहे, अशी अफवा पसरली. आणि ती तिच्याच मॅनेजरनं पसरवलेली!

१९५८ मध्ये जॉनी मार्क्सचं 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' तिनं नॅशव्हिलमध्ये गायलं. वय तेरा. (मार्क्स स्वतः ज्यू. ख्रिसमसची इतकी गाजलेली गाणी लिहिणारा माणूस ख्रिसमस पाळणाऱ्यांपैकी नव्हता, याची मला फार मौज वाटते.) निर्माता ओवेन ब्रॅडलीनं म्हणे वातावरणनिर्मितीसाठी स्टुडिओत ख्रिसमसचं झाड उभं केलं आणि एसी लावून थंडी आणली. गिटारवर हँक गार्लंड, सॅक्सोफोनवर बूट्स रँडॉल्फ. सगळं जमून आलं होतं.

पण रेकॉर्ड चालली नाही. बिलबोर्डची 'हॉट १००' ही यादी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाली होती. तीत हे गाणं ना १९५८ ला आलं, ना १९५९ ला. १९६० मध्ये ब्रेंडाची दुसरी दोन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, लोकांना नाव कळलं, आणि मग त्या डिसेंबरात हे गाणं चौदाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. तेव्हा ती सोळाची होती. पुढची कित्येक वर्षं तोच त्याचा उच्चांक राहिला.

इथेच मोजमापाचा घोळ आहे. ज्याच्या घरी १९६० सालची रेकॉर्ड आहे, तो दर नाताळाला ती लावतो, पण पुन्हा विकत घेत नाही. म्हणजे तीस वर्षं ऐकूनही हिशेबात त्याची नोंद एकदाच, खरेदीच्या दिवशी! १९९० च्या 'होम अलोन'मध्ये तो मुलगा दोऱ्या ओढून पुतळ्यांची खोटी पार्टी नाचवतो, तिथे हेच गाणं वाजतं. नव्या पिढीला ते तिथून पाठ झालं. पण यादीच्या दृष्टीनं ते जुनं गाणं, आणि जुन्या गाण्यांना मुख्य यादीत परत घ्यायचं नाही असे नियमही मधल्या काळात होते.

मग नियम सैल झाले, आणि २०१२-१३ पासून इंटरनेटवर गाणं किती वेळा ऐकलं गेलं हे ठळकपणे मोजलं जाऊ लागलं. आता दर ऐकण्याची नोंद! नाताळची गाणी दरवर्षी वर सरकायला लागली. १९९४ सालचं मराया कॅरीचं गाणं २०१९ मध्ये पहिलं आलं. ब्रेंडाचं अनेक आठवडे दुसऱ्या क्रमांकावर तिच्या मागे अडकून पडलं. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रेंडाबाईंनी गाण्याचा नवा व्हिडिओ केला, त्यात त्याच जुन्या, तेरा वर्षांच्या आवाजावर ओठ हलवले, आणि ९ डिसेंबर २०२३ च्या यादीत गाणं पहिलं!

काही जण म्हणतात, यात काय मोठं, प्लेलिस्ट आपोआप वाजतात. त्यात तथ्य आहे. १९६० मध्ये कुणीतरी खिशातून पैसे काढून ती तबकडी घरी नेली होती; त्या पसंतीला वजन होतं. पण घरातलं ऐकणं न मोजणारा तराजू तरी कुठे खरा होता? मला विचाराल तर १९६० चा चौदावा क्रमांक जास्त खोटा.

जॉनी मार्क्स १९८५ मध्येच गेले होते. ब्रॅडली, गार्लंड, रँडॉल्फ, कुणीच उरलं नव्हतं. ब्रेंडाबाईंना दोनच दिवसांनी एकोणऐंशी पूर्ण झाली.